चारची सटाणा

अहिरेकाका लॅपटॉप सुरू करायच्या आधी त्याच्याभोवती एक फेरी मारतात. त्यासाठी त्यांनी टेबल भिंतीपासून ओढून हॉलच्या मध्यावर आणलं आहे. फेरी मारताना ते वाकून खाली बघतात, कडेला एक थाप मारतात आणि मग खुर्चीत बसून कॉलर नीट करतात. आयुष्यभर लाल गाडी चालवलेला माणूस. टायर बघितल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावायचा नाही, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. लॅपटॉपला टायर नसतात, हे मी त्यांना एकदा सांगून बघितलं. ते म्हणाले, "नसू द्या. आपली नजर तर फिरते."

पाथर्डी फाट्याजवळच्या एकाच इमारतीत आम्ही राहतो. ते वर, मी खाली. मी एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरून करते, त्यामुळे इमारतीतली बिघडलेली प्रत्येक वस्तू माझ्याकडे येते. एकदा मिक्सरही आला होता. काका मात्र वस्तू घेऊन आले नाहीत, नुसता निरोप घेऊन दारात उभे राहिले. "मॅडम, गाडी ब्रेकडाऊन हाय. घाटात उभी हाय."

गाडी म्हणजे गेममधली बस. त्यांचा मुलगा प्रशांत कॉलेजात असताना त्याने गेम खेळण्यासाठी चांगला दणकट लॅपटॉप घेतला होता, चित्रं जोरात पळवणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला. नोकरी लागल्यावर तो बंगळूरला गेला आणि लॅपटॉप इथेच राहिला. एका दिवाळीत त्याने वडिलांना गंमत म्हणून बस चालवायचा गेम दाखवला. तो सुट्टी संपवून परत गेला, काका मात्र ड्युटीवर रुजू झाले. तेव्हापासून रोज दुपारी ते चारची सटाणा काढतात.

गेममधले रस्ते परदेशातले. कडेला बर्फाचे डोंगर, निळ्या पाट्या, टोकदार कळसाची चर्चं. काकांचं त्यामुळे काही अडलं नाही. पहिला टोलनाका आला की ते "पिंपळगाव" असा पुकारा करतात. चर्च आलं की वडाळीभोई. वळणावळणाचा बोगद्याचा डोंगर म्हणजे भावडबारी. मी आश्चर्याने बघत राहिले तेव्हा त्यांनी समजूत घातली, की हिरवळ जरा जास्त हाय, बाकी रस्ता तोच हाय.

त्यांच्या मागे, बरोबर पहिल्या सीटच्या जागी, अहिरेकाकू खुर्चीवर बसलेल्या असतात. मांडीवर पर्स, पदर खांद्यावरून घेतलेला, एका मुठीत लिंबू. बोलत नाहीत. मला वाटायचं, नवऱ्याला सोबत म्हणून बसत असतील बिचाऱ्या.

बिघाड मी डोळ्यांनी बघितला. घाट लागला, बस चढणीला लागली, पंखा घोंघावू लागला आणि एका वळणावर पडदा जागच्या जागी थिजला. हॉर्नचा सूर अडकून एकसारखा वाजत राहिला. मग सगळं काळं झालं आणि लॅपटॉप आपला आपण पुन्हा सुरू झाला. काका उठले, मागे वळले आणि शांतपणे म्हणाले, "प्रवाशांनी खाली उतरून पाय मोकळे करून घ्यावेत." एकुलत्या एक प्रवासी उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेल्या.

काकांचं निदान तयार होतं. गाडी चढणीला गरम होते. उपाय म्हणून त्यांनी लॅपटॉपखाली ओलं फडकं घालून ठेवलं होतं. ते मी घाईघाईने ओढून काढलं आणि माझ्या पद्धतीने तपासणी सुरू केली. पेपर वाचताना, कीर्तन ऐकताना काही होत नव्हतं, फक्त गेममध्येच होत होतं. म्हणजे संशय ग्राफिक्स कार्डावर. मी सहज बोलून गेले, "काका, याचा ड्रायव्हर जुना झालाय. तो काढून नवा टाकावा लागेल."

काकांचा चेहरा पडला. मला समजायला थोडा वेळ लागला. मग मी घाईघाईने सांगितलं, की ग्राफिक्स कार्डाला चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. काकांनी ते ऐकून घेतलं, पण चेहरा पडलेलाच राहिला.

"जुना हाय म्हणून काढू नका," ते म्हणाले. "त्याला रस्ता ठाऊक असतो."

मी नवा ड्रायव्हर टाकला. आता बस घाटापर्यंतसुद्धा पोचेना, वडाळीभोईलाच पडदा काळा. दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने जुना परत आणला. त्या दिवशी चहाबरोबर मला चिवडा मिळाला आणि पुढचा आठवडाभर ते जिन्यात भेटेल त्याला सांगत होते, की नवा चार दिवस टिकला नाही, जुन्यालाच परत बोलवावं लागलं.

पण जुन्यानेही घाट चढवेना. मग लॅपटॉप उघडून आतला पंखा साफ केला, त्यात उदबत्तीची राख आणि कापसाचे पुंजके निघाले. गाडी थोडी पुढे गेली, बोगद्याच्या तोंडाशी पुन्हा थिजली. शेवटी कॉलेज रोडवरच्या एका दुरुस्तीच्या दुकानात दाखवायचं ठरलं. काका लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून रिक्षाने गेले आणि मी काकूंना चार्जर द्यायला वर गेले, तो माझ्याकडे खालीच राहिला होता.

काकू दारातच बसून लसूण सोलत होत्या. मी म्हटलं, लवकर होईल दुरुस्त, काळजी करू नका. त्या म्हणाल्या, "सावकाश होऊ दे. माले गाडी लागस."

काकू सटाण्याकडच्या, मनातलं बोलताना त्यांची अहिराणी वर येते. त्यांना लहानपणापासून गाडी लागते. फाट्यापर्यंतसुद्धा उलटीशिवाय जाता यायचं नाही. ड्रायव्हरची बायको असून नवऱ्याच्या गाडीत त्या कधी बसल्या नाहीत. काकांनी या गेममधून त्यांना पहिल्यांदा गाडीत बसवलं. डिझेलचा वास नाही, धक्के नाहीत, आता काय होणार आहे, असं म्हणून. झालं उलटंच. पडद्यावरचा रस्ता हलला की पोटात ढवळायला लागायचं. म्हणून गाडी निघाली की त्या डोळे मिटून घेत आणि घाटात गाडी बंद पडायची वाट बघत.

"मग काकांना सांगा ना," मी म्हटलं. "मी तरी कशाला दुरुस्त करत बसू?"

"नाही, तू कर दुरुस्त," त्या म्हणाल्या. "बंद पडली का त्यांचा चेहरा बघवत नाही. आणि त्यास्ले सांगू नको."

दुकानदाराने निदान केलं ते असं. मोठं ग्राफिक्स कार्डच मरत चाललंय. ते मुख्य बोर्डावरच जोडलेलं, एकटं बदलता येत नाही, सगळा बोर्ड बदलावा लागेल. नाहीतर ते कायमचं बंद करून टाकायचं. लॅपटॉपमध्ये दुसरं एक साधं छोटं ग्राफिक्स असतंच, त्याच्यावर गेम चालेल, पण झाडं जातील, सावल्या जातील, डोंगर ओबडधोबड दिसतील.

मी प्रशांतला फोन लावला. तो लगेच म्हणाला, बोर्ड बदलून टाका, बाबांना हवं तसं करा. काकूंचं 'सांगू नको' आठवून मी नुसता फोन काकांच्या हातात दिला. काकांनी त्याला सांगितलं, की नको, छोट्यावर चालू दे. मग फोन ठेवून त्यांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि खालच्या आवाजात मला विचारलं, "मॅडम, वळणावर पडदा हलतो, तो हलायचा बंद करता येतो का?"

येतो, मी म्हटलं, सेटिंग असतं. पण झाडं गेली तर चालेल का तुम्हाला?

"झाडं पळतात त्यानंच तिला मळमळतं," ते म्हणाले.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. ते टेबलाची कड बोटाने पुसत होते.

"बोगद्यात, नायतर गाडी बंद पडल्यावर, पडदा काळा होतो ना, तेव्हा मागचं समदं दिसतं त्याच्यात. डोळे मिटून बसते ती. रोज. मला वाटायचं, आज ना उद्या सवय होईल."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकलं नाही. काकूंचं माहेर सटाण्याच्या अलीकडे एका फाट्यावर. काकांची गाडी रोज तिथून जायची. सासूबाई फाट्यावर येऊन उभ्या राहायच्या आणि ड्रायव्हरच्या खिडकीतून वर काही ना काही द्यायच्या. बाजरीचं पीठ, ठेचा, कधी नुसताच निरोप. काकू वर्षातून एखाद्या वेळी, दुसऱ्याच कुठल्या गाडीने, जीव मुठीत धरून जायच्या, आणि मग दोन दिवस आजारी पडायच्या. पुढे पुढे तेही थांबलं. म्हातारी मात्र शेवटपर्यंत तशीच फाट्यावर येऊन उभी राहत राहिली.

"तिच्या आईला तिच्यापेक्षा मी जास्त भेटलो," काका म्हणाले. "हे काय बरोबर नाय झालं."

मी मोठं कार्ड बंद केलं. पडद्याचं हलणं शून्यावर आणलं, झाडं, सावल्या, ढग, जे जे काढता येईल ते काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी चारला मी मुद्दाम वर थांबले. काकूंनी नेहमीसारखे डोळे मिटले. पिंपळगाव गेलं, वडाळीभोई गेलं. घाट लागला. पंखा शांत होता, बस चढत होती. काकांनी बाणाच्या बटणावर बोट इतकं हलकं ठेवलं होतं, की बस चालत्या माणसाच्या वेगाने वळत होती.

बोगदा आला. पडदा काळा झाला आणि काकांनी मान किंचित पुढे केली.

बोगद्यातून बाहेर पडलो तेव्हा काकू बघत होत्या. समोर उघडा, तपकिरी माळ होता, एक झाड नाही, रस्ता सरळ लांबवर गेलेला.

"हे तर आमच्याकडचं," त्या म्हणाल्या. "चैतातलं."

काकांनी बटणावरचं बोट हळूच उचललं. थोडं पुढे, सटाण्याच्या अलीकडे, एका फाट्यावर त्यांनी बस कडेला घेतली, जिथे गेममध्ये कुठलाही थांबा नव्हता, आणि दार उघडण्याचं बटण दाबलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत राहिल्या. काका हात मांडीवर ठेवून बसून राहिले, आणि काकू उघड्या दाराकडे बघत राहिल्या.