साडूपेक्षा एक नंबर मोठा

सणसरच्या हिंदुरावांनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी पळायचे बूट घेण्याचे ठरवले, तेव्हा त्यांना पळायचे मुळीच नव्हते. (तोवरच्या आयुष्यात ते दोनदाच पळाले होते. एकदा आग्यामोहोळ उठले म्हणून आणि एकदा स्वतःच्या लग्नात घोडा बिथरला म्हणून. त्यातही दुसऱ्या वेळी खरे पाहता घोडाच पळाला होता.) त्यांना बूट हवे होते ते माळेगावच्या रामहरींकडे होते म्हणून.

रामहरी हे हिंदुरावांचे साडू. हिंदुरावांच्या पत्नी विजयमाला आणि रामहरींच्या पत्नी माधवी या सख्ख्या बहिणी, माधवी थोरली. रामहरी साठीला टेकलेले, अंगाने उसाच्या कांड्यासारखे सरळ. पहाटे उठून कालव्याच्या कडेने आठ-दहा किलोमीटर पळत, आणि परत येऊन त्याबद्दल एक अक्षरही बोलत नसत. हे न बोलणेच हिंदुरावांना सर्वांत जास्त लागे. माणसाने बढाई मारली तर तिला टाचणी तरी लावता येते.

निमित्त घडले ते माळेगावच्या पूजेचे. प्रसाद घेऊन निघताना विजयमालाबाईंची नजर उंबऱ्याबाहेरच्या रामहरींच्या बुटांवर गेली. राखाडी रंगाचे, नारिंगी सोलचे ते बूट त्यांनी चक्क हातात घेतले, उलटे करून पाहिले, तळहातावर तोलले आणि म्हणाल्या, “अक्का, हे तर लोकरीच्या गुंड्यावानी हलकं हाय गं.” एकतीस वर्षांच्या संसारात हिंदुरावांची पायताणे त्यांनी केवळ दोन कारणांसाठी हातात घेतली होती: घरात आली म्हणून बाहेर टाकायला आणि पाल मारायला. हिंदुरावांनी ते पाहिले आणि हातातला शिऱ्याचा द्रोण तसाच उंबऱ्यावर ठेवला.

माळेगाव ते सणसर या वाटेवर मोटारसायकलच्या मागच्या बाजूने ‘दाजी’ हा शब्द अकरा वेळा ऐकू आला. दाजींचे पोट कसे आत आहे, दाजी जिना कसे सहज चढतात, बारामतीत येत्या महिन्यात होणाऱ्या ज्येष्ठांच्या दहा किलोमीटरच्या दौडीत दाजींनी कसे नाव दिले आहे. सणसरच्या वळणावर हिंदुरावांनी गाडीचा वेग कमी केला आणि मागे न पाहता सांगितले की, त्या दौडीत आपणही नाव देणार आहोत. मागून विजयमालाबाईंनी, म्हशीला पेंड घालायची राहिली असेल, एवढेच म्हटले.

त्या क्षणापासून हिंदुरावांच्या आयुष्यात एकच ध्येय उरले. रामहरींच्या देखत, आपल्या बायकोच्या तोंडून, आपल्याबद्दल एक बरा शब्द ऐकायचा. पदक नको, हार नको. एक शब्द, पण रामहरींच्या देखत.

दुसऱ्याच दिवशी सकाळी ते बारामतीला, रामहरी जिथून बूट घेत त्याच दुकानात गेले. तिथे प्रगती नावाची एक मुलगी बूट दाखवायला होती, आणि तिला बुटांतले खरोखरच कळत होते. तिने आधी विचारले, काका रोज किती पळतात. हिंदुरावांनी पाच-सहा किलोमीटर सांगितले, आणि तिने पायातल्या कातडी वहाणांकडे पाहिल्यावर त्यात दुरुस्ती करून तीन केले. मग तिने शांतपणे समजावले की, बूट घ्यायला संध्याकाळी यावे, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो आणि लांब पळतानाही फुगतो. पळताना जे मोजे घालणार तेच घालून बूट पायात चढवावा. पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सुटावी, पण टाच मागे घट्ट बसावी, हलता कामा नये. रोजच्या सरावाला टिकाऊ आणि लांब पल्ल्याला मऊ तळव्याचा बूट बरा. आणि काही झाले तरी दौडीच्या दिवशी कोरा बूट घालू नये. हिंदुराव मान डोलावत होते. (ही मान ते साखर कारखान्याच्या वार्षिक सभेतही अशीच डोलावत.) तिचे सांगून झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणला.

“माळेगावचे रामहरी तुमच्याकडनंच नेतात ना? ते कितीचा घालतात?”

“नऊ नंबरचा, काका.”

“मग मला दहाचा द्या.”

प्रगतीने त्यांच्या पायाकडे पाहिले, पायाखाली मापाची पट्टी सरकवली आणि नम्रपणे सांगितले की, काकांचा पाय आठाचा आहे. हिंदुरावांनी पाय पट्टीवरून असा उचलून घेतला, जणू कोणी त्यांच्या बांधावर अतिक्रमण केले होते. आमच्या घराण्यात ऐसपैस घालायची पद्धत आहे, असे त्यांनी सांगितले. साडूपेक्षा लहान पायाचा माणूस म्हणून बारामतीच्या दुकानात आपली नोंद राहावी, हे त्यांना सहन होणारे नव्हते. दहाचे बूट, राखाडी, नारिंगी सोलचे, पिशवीत पडले.

सराव कालव्याच्या रस्त्यावर सुरू झाला. पहिल्या सकाळी हिंदुराव विजेचे चार खांब पळाले. पाचव्या खांबाशी शेजारचा सोनबा काठी घेऊन धावत आला, कारण हिंदुराव पळत आहेत म्हणजे मागे काहीतरी लागलेच असणार, याविषयी त्याच्या मनात शंका नव्हती. दुसऱ्या दिवशी दोघा मोटारसायकलवाल्यांनी थांबून, कारखान्यापर्यंत सोडू का, म्हणून विचारले. तिसऱ्या दिवशी मात्र टाचांना टरारून फोड आले. आठाचा पाय दहाच्या बुटात, रिकाम्या ट्रॉलीतल्या उसाच्या एकुलत्या एका मोळीसारखा, मागे-पुढे आपटत होता; त्याचा तो परिणाम. पण तसे मानले तर आठाचा पाय मानावा लागला असता. म्हणून हिंदुरावांनी निदान केले की, बूट नवा आहे, नवे पायताण चावतेच, आणि त्यावरचा उपाय त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. नवी वहाण आठ दिवस तेलात मुरवायची, की ती लोण्यासारखी होते.

एरंडेल संपले होते. हिंदुरावांनी घरच्या घाण्याच्या शेंगतेलाची किटली घेतली.

“अहो, ते कातडं न्हाय, कापड हाय,” विजयमालाबाई म्हणाल्या.

“तुला काय कळतंय त्यातलं.”

“कापडाला तेल लावून कुणी घालतं व्हय? दिव्याची वात करायचीय का पायाची?”

हिंदुरावांनी बूट आतून-बाहेरून तेलाने माखले, नाड्याही सोडल्या नाहीत, आणि शेंगांची पोती व गुळाच्या ढेपी ठेवायच्या खोलीत खुंटीला टांगून ठेवले. पुढचे आठ दिवस सराव अनवाणी झाला, म्हणजे झाला नाही.

दौडीच्या आदल्या दिवशी दोघे माळेगावी मुक्कामाला गेले. बूट मळू नयेत म्हणून हिंदुरावांनी ते कापडी पिशवीत, तोंड बांधून नेले होते, आणि रामहरींच्या नजरेला ते ऐन दौडीतच पडावेत अशी त्यांची योजना असल्यामुळे पिशवी त्यांनी सकाळपर्यंत उघडली नाही. त्यामुळे एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. पाय आठाचा, बूट दहाचा. पुढच्या दोन नंबरांची जागा आठ दिवस पडीक होती, आणि तिथे तेलाच्या वासाने आलेल्या तांबड्या मुंग्यांनी वहिवाट सुरू केली होती. कसेल त्याची जमीन हा कायदा त्यांनाही मान्य असावा.

पहाटे बारामतीत सुरुवातीच्या रेषेपाशी, अजून पुरते उजाडलेही नव्हते, तेव्हा हिंदुराव बाजूला बसले. सैल होऊ नये म्हणून त्यांनी मोज्यांचे दोन जोड चढवले आणि वर बूट घातले. रामहरींनी दुरूनच वास घेतल्यासारखे केले. मग, पहिला किलोमीटर दमाने घ्या, दम राखून ठेवा, असे सांगितले. हिंदुरावांना तो सल्लाही खुपला. माणूस जिंकायच्या आधीच शहाणपणा वाटत होता.

पहिला किलोमीटर त्यांनी दमानेच घेतला, कारण दुसरा इलाज नव्हता. रामहरी पुढे गेले, पाठमोरे दिसू लागले, मग त्यांचे नुसते नारिंगी सोल दिसू लागले. तेलकट बुटांना रस्त्याची धूळ आणि पाचटाचा भुगा लागून ते पुरणपोळीसारखे जाड झाले होते. दुसऱ्या किलोमीटरला हिंदुराव मनाने घरी पोचले होते. आणि नेमके तेव्हा मुंग्यांना, मोज्यांचे दोन जोड पार करण्याची वाट घोट्याच्या अंगाने सापडली.

त्यानंतर जे घडले ते रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्यांना फार सुंदर दिसले असणार. त्रेपन्न वर्षांचा, पोट सुटलेला एक गृहस्थ एकाएकी गुडघे छातीपर्यंत उचलत सुटला. त्याने एक निवृत्त फौजदार मागे टाकला, दोन डॉक्टर मागे टाकले. लोक टाळ्या वाजवू लागले. हिंदुरावांना थांबायचे होते. पण थांबले की पाय जमिनीवर टेकतो आणि टेकला की पन्नास ठिकाणी चावा बसतो, त्यामुळे पाय जमिनीवर कमीत कमी वेळ ठेवणे हाच एक मार्ग होता, आणि पळण्याचे शास्त्रही याहून वेगळे काही सांगत नसावे.

तिसऱ्या किलोमीटरला पाण्याचे टेबल होते. तिथे माधवी पाण्याचे पेले देत होती आणि विजयमालाबाई तिच्या मदतीला उभ्या होत्या. टेबलाच्या पाच-सहा पावले अलीकडे हिंदुरावांनी रामहरींना गाठले, आणि त्यांच्या उजव्या अंगाने, वाऱ्यासारखे, त्यांना ओलांडून पुढे गेले. विजयमालाबाईंच्या हातातला पेला कलंडला.

“अक्का, हे बघ की गं,” त्या म्हणाल्या, “आमचं ह्ये दाजींच्या म्होरं.”

हिंदुरावांनी ते शब्द ऐकले. ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला, ते बोल अगदी दोन हातांवरून कानावर आले, आणि तिथे क्षणभर उभे राहून ते रामहरींनीही ऐकले का एवढे पाहण्याची सोय नव्हती. जो भला शब्द एकतीस वर्षांनी आला, त्याच्याकडे पाठ फिरवून ते पुढे पळत गेले. आणि शंभर पावलांवर, जिथे रस्ता डावीकडे वळत होता तिथे न वळता, सरळ उसाच्या बांधावरून खाली उतरून पाण्याच्या चारीत बुटांसकट बसले.

त्यांच्या मागोमाग पहिल्यांदा तिथे पोचले ते रामहरी. त्यांनी स्वतःची दौड सोडली होती. ते पाण्यात उतरले, गाठी पडलेल्या नाड्या दातांनी सोडवल्या, बूट काढले, पाय चोळले, मोज्यांतल्या मुंग्या झटकल्या. मग एक बूट उलटा करताना त्यांची नजर आतल्या आकड्यावर गेली.

“हिंदुराव, पाय तर आठाचा दिसतोय.”

“सुजलाय तो.”

“सुजून आठाचा झालाय. बूट दहाचा हाय.”

हिंदुरावांनी चारीतल्या पाण्याकडे पाहिले. रामहरी हसले असते, निदान गालातल्या गालात हसले असते, तरी त्यांना पुढची दहा वर्षे रागावता आले असते. पण त्या माणसाने ते बूट बांधावर नीट जोडून ठेवले, आणि ही गोष्ट आपल्या दोघांत राहील, असे सांगितले. हिंदुरावांना वाटले, याच्यासारखा दुष्टपणा दुसरा नाही.

तेवढ्यात विजयमालाबाई धावत आल्या. नवरा जिवंत आहे, पाय जागेवर आहेत, हे त्यांनी पाहिले. मग त्यांनी हिंदुरावांच्या छातीवरचा कापडी क्रमांक पिनांसकट काढून स्वतःच्या पदरावर लावला.

“आता ह्ये काय?” हिंदुरावांनी विचारले.

“नाव दिलंय न्हवं? अर्ध्यावर टाकून घरी गेलं तर गावात काय तोंड दाखवायचं? दाजी, चला.”

आणि त्या निघाल्या. साध्या चपलांवर, ओच्याचा काष्टा मारून. घरापासून मळ्यापर्यंत आणि मळ्यापासून घरापर्यंत, डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन, दिवसातून तीनदा जाणाऱ्या त्या बाईला उरलेले सात किलोमीटर म्हणजे मोकळ्या हाताने फिरणेच होते. रामहरींना शेवटी शेवटी त्यांच्याबरोबर राहायला कष्ट पडले, असे माधवी सांगते. संयोजकांनी पदरावरचा क्रमांक पाहिला, यादी पाहिली, बाईंकडे पाहिले आणि वाद न घालता पदक गळ्यात घातले. हिंदुराव तेव्हा पायांना हळद लावून दौडीच्या मंडपात बसले होते. टाळ्या त्यांनीही वाजवल्या, पण हाताला जोर नव्हता.

पुढच्याच आठवड्यात विजयमालाबाई बारामतीला गेल्या. प्रगतीने काय सांगितले होते ते हिंदुरावांकडून काढून घेऊन संध्याकाळी गेल्या, मोजे बरोबर नेले, पुढे अंगठ्याएवढी जागा सोडून आणि टाच घट्ट बसवून बूट घेतले, आणि महिनाभर रोज घालून त्यांची पायाशी ओळख करून दिली. आता दर रविवारी रामहरी आणि माधवी माळेगावाहून सणसरला येतात. रामहरी आणि विजयमालाबाई कालव्याच्या रस्त्याने भवानीनगरच्या दिशेने लांब पल्ल्याला निघतात, माधवी चालत मागून जाते. हिंदुराव घरी थांबतात. म्हशीची धार काढतात, अंगण झाडतात, आणि मंडळी परत यायच्या सुमारास चूल पेटवून आले ठेचून घातलेला चहा करतात. रस्त्यावरून हसण्याचा आवाज आला की चहा हमखास उतू जातो.

गेल्या रविवारी ओसरीवर सगळे बसले असताना विजयमालाबाईंनी पहिला घोट घेतला, घाम टिपला आणि रामहरींकडे वळून म्हणाल्या, “दाजी, काय बी म्हणा, आमच्या ह्यांच्यासारखा चहा सगळ्या इंदापूर तालुक्यात कुणाला जमायचा न्हाय.”

हिंदुरावांनी हातातली किटली खाली ठेवली. हा तोच शब्द होता, आणि या वेळी पायात मुंग्या नव्हत्या. रामहरी समोरच बसले होते, त्यांनी तो स्पष्ट ऐकला होता. हिंदुरावांनी मोठ्या आशेने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. हेव्याची एखादी तरी रेघ तिथे उमटेल म्हणून पाहतच राहिले.

रामहरींनी कप शांतपणे बशीत ठेवला.

“चहा झकास हाय, हिंदुराव,” ते म्हणाले. “पुढच्या रविवारपासनं फक्त आम्हा पळणाऱ्यांच्यात साखर कमी टाका.”