भिवा मांडवकरची पन्नास मिनिटं

युद्धविराम दुपारी बाराला लागू झाला आणि भिवा मांडवकर बारा वाजून वीस मिनिटांनी गोळी लागून मेला, म्हणून दुसऱ्या दिवशी तो स्वतःच तक्रार द्यायला कचेरीत आला.

तालुक्यातलं यादवी युद्ध संपल्यावर आंतरराष्ट्रीय निरीक्षकांनी तिथल्या शाळेत कचेरी थाटली होती. कुमुद पाथरे त्यांच्याकडे अर्ज लिहून घेई. मेलेले अर्जदार तिला नवे नव्हते. रांग मोडत नाहीत, म्हणून ते तिला जरा आवडतच.

निरीक्षकांचे प्रमुख कर्नल हाल्वोर पुस्तकावरून मराठी शिकले होते. अर्ज वाचून ते म्हणाले, "बारानंतर एकही मृत्यू नोंदला, तर कराराच्या कलम चारप्रमाणे युद्ध पुन्हा सुरू होतं. आपण थोडं आधी मरू शकाल का?"

भिवा भडकला. "गोळी घातलानी त्यांनी, नि अडचण माझी?"

"युद्ध सुरू झालं, की नदीवरचा पूल बंद."

भिवा बाकावर बसला. त्याची लेक सुगंधा नदीपलीकडे दिलेली. तिला आठवा लागला होता.

"पयलं बाळतपण हाय तिचं. माहेरीच व्हायला हवं," तो म्हणाला. "लिवा साडेअकरा."

कुमुदने नवा अर्ज स्वच्छ अक्षरात लिहिला.

साडेअकराला मेलेल्या माणसाला पुढची पन्नास मिनिटं ठेवता येत नाहीत. ती भिवाने कचेरीत जमा केली. त्यांत एक विडी होती आणि नदीकाठावरून लेकीला मारलेली हाक होती. कुमुदने पोच दिली.

तेवढ्यात गाठोडं घेऊन सुगंधाच दारात आली. "बाबांनी काल हाक मारली, माहेरी ये म्हणून."

"किती वाजता?" हाल्वोरांनी विचारलं.

"बारा वाजून गेले होते."

"ती हाक रद्द झाली गं," कुमुद म्हणाली. तिला स्वतःचीच लाज वाटली.

सुगंधाने बापाच्या हातातली पोच दोनदा वाचली. "मग मला बोलावलं कोणी? न बोलावता पहिल्या बाळंतपणाला कशी येऊ? सासरी काय सांगू?"

बाकावरून भिवाने तोंड उघडलं. हाल्वोरांनी नम्रपणे घड्याळ दाखवलं; साडेअकरा कधीच होऊन गेले होते.

"मी बोलावते," कुमुद म्हणाली.

"आपण तटस्थ आहात," हाल्वोर म्हणाले.

सुगंधाने बापाला वाकून नमस्कार केला, गाठोडं उचललं आणि सासरी परत निघाली. पुलावर दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी तिला अदबीने वाट दिली. नागरिक निर्भयपणे ये-जा करू लागल्याचं हाल्वोरांनी त्या दिवशीच्या अहवालात नमूद केलं.