वसुधाचा शपथविधी आणि माझी माकडटोपी

आमच्या मंडळाच्या कार्यक्रमाला वेळेवर येणं म्हणजे यजमानांना अडचणीत टाकणं, अशी आमच्या लोकांची ठाम समजूत आहे. निमंत्रणावर चार लिहिलं की चारला लोक आंघोळीला जातात. न्यू जर्सीत इतकी वर्षं काढून हे मला पक्कं ठाऊक झालं होतं, म्हणून मी एक छोटीशी हुशारी केली. (माझ्या हुशारीचा घराला याआधीही त्रास झालेला आहे, पण तो विषय निराळा.)

झालं असं, की चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात वसुधा, म्हणजे आमची बायको, एडिसनजवळच्या आमच्या मराठी मंडळाची अध्यक्ष म्हणून निवडून आली. मंडळाची पहिली बाई अध्यक्ष. आणि निवडून आली ती एकाच वचनावर, की यापुढे कार्यक्रम वेळेवर सुरू होतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मतं दिली आणि हे आपल्याला लागू नाही असं समजून घरी गेले.

जानेवारीत तिकडे वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीची धामधूम चाललेली. टीव्हीवर रोज तेच. ते बघून वसुधाच्या मनानं घेतलं, की आपलाही रीतसर शपथविधी व्हायला हवा. आजवर आमचे अध्यक्ष तिळगुळाच्या कार्यक्रमात चहा पिता पिता अध्यक्ष होत आले. हिला मात्र शाळेचा कॅफेटेरिया हवा, गावचा मेयर हवा, शाल-श्रीफळ हवं आणि उजवा हात वर करून शपथही हवी. डावा हात कशावर ठेवायचा यावरून कमिटीत असं रण माजलं, की शेवटी मंडळाच्या घटनेच्या झेरॉक्सवर तडजोड झाली.

"मेयरच्या समोर वेळेवर सुरू झालं पाहिजे हं," वसुधा मला म्हणाली. "नाहीतर पहिल्याच दिवशी माझं हसं होईल. तुमच्यावर सोपवतेय."

वेळ ठरली पाचची. निमंत्रणं छापायची माझ्याकडे. (बॉस लंचला गेला की ऑफिसचं कॉपी मशीन रिकामंच असतं.) मी पाचच्या जागी चार छापलं. म्हणजे मंडळी उशीर करून बरोबर पाचला उगवतील आणि वसुधाचं वचन राहील. तिला सांगितलं नाही, कारण तिला असली लबाडी चालत नाही. त्याच भरात तेच कार्ड मेयरच्याही पाकिटात घातलं. अमेरिकन माणूस चार म्हटलं की चारलाच येतो, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

शपथविधीच्या दिवशी थंडी अशी, की गाडीचं दार उघडेना. मी एकटाच पुढे जाऊन खुर्च्या मांडत होतो. अंगात कोपराला भोक पडलेला स्वेटर, डोक्यावर माकडटोपी, काखेत नारळ. तेवढ्यात दार उघडून मेयर आत आला. मागून गावच्या साप्ताहिकाचा फोटोग्राफर. मी घड्याळाकडे पाहिलं. चार.

मेयर भला माणूस. रिकाम्या खुर्च्या बघून त्याला वाटलं, थंडीनं कोणी आलं नाही. वॉशिंग्टनची परेडसुद्धा थंडीपायी रद्द झाली, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, असं त्यानं मलाच समजावलं. त्याला पुढे एका लग्नाला जायचं होतं, तेव्हा तो म्हणाला, उरकून घेऊ. मी सांगितलं, साहेब, प्रेसिडेंट मी नाही, माझी बायको आहे.

तो खदखदून हसला. "माझ्याही घरी तेच आहे," म्हणाला.

मी पुन्हा सांगितलं. तो पुन्हा हसला, आणि आता फोटोग्राफरही हसला. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तोवर शाल माझ्या खांद्यावर पडली होती. दारी आलेल्या पाहुण्याला ठणकावून नाही म्हणायची आम्हांला सवय नाही. त्यानं टेबलावरचा शपथेचा इंग्रजी कागद उचलून वाचायला सुरुवात केली आणि मी उजवा हात वर करून त्याच्यामागून म्हणालो, "मी, वसुधा जगन्नाथ टिपणीस, अशी शपथ घेते की..." इंग्रजीत 'घेतो' काय आणि 'घेते' काय, सगळं सारखंच, एवढाच दिलासा.

बरोबर पाचला वसुधा आली. पैठणी, त्यावर जाड कोट, सोबत आमची लेक मृणालिनी. समोर मोकळ्या खुर्च्या आणि शाल पांघरलेला मी. मेयर कुठेत, तिनं विचारलं. लग्नाला गेले, मी म्हणालो, आणि मग सगळं सांगावंच लागलं.

"बाबा, यू स्टोल मॉम्स इलेक्शन," मृणालिनी म्हणाली.

वसुधा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एका खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "महिनाभर आरशासमोर ती शपथ पाठ केली होती हो मी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मंडळी आली सहाला, थंडीनं जरा उशीरच झाला म्हणत. मेयरच्या जागी शपथ द्यायला कोणी पुढे येईना, म्हणून मीच दिली. तिनं ती माझ्याकडे न बघता घेतली.

पुढच्या आठवड्यात साप्ताहिकात माझा माकडटोपीतला फोटो आला. खाली नाव, मिस्टर वसुधा टिपणीस, मराठी मंडळाचे नवे अध्यक्ष. वसुधानं कात्रण फ्रिजवर चिकटवलं आणि फोन उचलून माझ्यासमोर ठेवला. "सत्कार तुमचा झालाय, आता तक्रारीही तुम्हीच ऐकायच्या."

पहिला फोन सुमित्राकाकूंचा. मंडळातल्या सगळ्यांत जुन्या, आणि साप्ताहिक वाचून बसलेल्या. "अध्यक्षमहाराज," असं म्हणून त्यांनी जे सुरू केलं ते थांबेचना. अध्यक्षबाईंचा नवरा महाबावळट आहे, त्यानं त्या पोरीच्या मोठ्या दिवसाचं मातेरं केलं, इथून पुढे त्याला मंडळाच्या कुठल्याही कामाला हात लावू देऊ नये, असा त्यांचा ठराव होता. मी म्हटलं, काकू, विचार करून सांगतो.

"विचार कसला करताय?" काकूंचा खणखणीत आवाज ऐकून स्वयंपाकघरातून वसुधा म्हणाली. "मंजूर म्हणा."

मी मंजूर म्हणालो. ठराव एकमतानं पास झाला.