मास्तरांचा मफलर

विरजणघरात आपल्या परवानगीशिवाय हवासुद्धा शिरत नाही, असं मास्तर सांगत. ऐकणारा मुकाट मान डोलावत असे, कारण न डोलावली तर मास्तर पुन्हा पहिल्यापासून सांगत. चीजच्या त्या कारखान्यात दुधाचे हौद कुणीही सांभाळावेत, पण कोपऱ्यातली विरजणाची खोली मास्तरांची. तिथलं विरजण त्यांच्या बायकोनं वाढवलेलं होतं, रोज थोडं ताज्या दुधात घालून वर्षानुवर्षं जिवंत ठेवलेलं. ती गेली आणि खोलीची किल्ली मास्तरांच्या कमरेला आली. "तिच्या माघारी एकदाही फसलं नाही," असं म्हणून ते बोलणं संपवत आणि त्यांचा हात आपसूक गळ्यातल्या मफलरकडे जाई. मफलरही तिनंच विणलेला.

मग एका सकाळी फसलं. हौदात विरजण घातलं, वाट पाहिली, दूध आपलं होतं तसंच. आंबटपणा चढायचं नाव नाही. शेजारच्या हौदाचीही तीच गत. मालकीणबाई आल्या आणि दोन्ही हौदांत डोकावल्या. त्या कधी आवाज चढवत नसत, म्हणूनच सगळे त्यांना वचकून असत.

"मास्तर, पुढच्या सोमवारचा हौद जमला नाही, तर मी पाकिटातलं विरजण मागवणार. तुमचं ओतून टाकावं लागेल."

मास्तरांचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. बायकोला एकदा निरोप देऊन झाला होता. आता तिला मोरीत ओतायचं म्हणजे फारच झालं.

त्यांची लेक तिथंच, दूध तपासायच्या खोलीत कामाला होती. तिनं काचेच्या थाळ्या लावल्या आणि निदान केलं. "बाबा, विषाणू शिरलाय. माणसाला याचं काही होत नाही, हा जिवाणूंनाच धरतो. आपल्या विरजणातले जिवाणू संपवतोय. दूध जमल्यावर निवळी सुटते ना, तिच्यात तो हजारोंनी असतो. कुणीतरी तिचा थेंब तुमच्या खोलीत नेतंय."

"माझ्या खोलीत?" मास्तरांनी आवाज खाली आणला. "म्हणजे घरचाच कुणी आहे."

त्या दिवसापासून मास्तरांनी कारखान्याला सळो की पळो करून सोडलं. चीज बांधणाऱ्या बायकांना अंगठ्या काढायला लावल्या. नळ दुरुस्त करणाऱ्याला अर्ध्या कामातून हाकलला, तेव्हापासून तो नळ रात्रंदिवस गळत राहिला. दारावर पाटी लागली: अंगावर घरचा कपडा असलेल्यास प्रवेश नाही. प्रत्येकानं बाहेर पांढरा झगा चढवायचा, हात धुवायचे, आणि तरीही आत यायचं नाही. एवढं करून लेकीच्या चाचणीत विरजण रोज मरतच होतं.

शेवटी संशयाची सुई दुधाच्या गाडीच्या ड्रायव्हरवर आली. त्याला सगळे 'मिशी' म्हणत. मिशी होतीच तशी, माणसाच्या आधी ती दारातून आत येई. तो रोज सकाळी तब्येतीसाठी पेलाभर निवळी प्यायचा आणि मग मास्तरांच्या दारात उभा राहून गप्पा हाणायचा. पुरावा याहून वेगळा काय असतो?

"मिशी काढ," मास्तर म्हणाले.

"मास्तर, लग्नाच्या आधीपासूनची आहे हो ती."

"माझं विरजणही."

ड्रायव्हरनं मिशीवरून एकदा बोटं फिरवली. मास्तरांच्या बायकोच्या हातचा चहा तोही प्यायला होता. तो निमूटपणे गेला आणि सफाचट होऊन आला. दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं, की घरच्या कुत्र्यानं त्याला फाटकातच अडवला, आणि बायकोही आधी कुत्र्याच्याच बाजूनं होती.

आणि विरजण? ते त्या रात्रीही मेलं.

बुधवारी मास्तर लेकीच्या खोलीत येऊन बसले. एवढं थकलेलं तिनं त्यांना आईच्या आजारपणातच पाहिलं होतं.

"एवढ्या गर्दीत तो विषाणू नेमका आपलाच जिवाणू ओळखतो कसा गं? डोळे असतात का त्याला?"

"डोळे कुठले. शेपटी असते, तिच्या टोकानं चाचपतो. जिवाणूच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांची वीण असते, प्रत्येक वाणाची वेगळी. या विषाणूला त्यातली एकच वीण पाठ. ती लागली की चिकटतो, नाहीतर पुढं सरकतो." ती थांबली. "तुमचे डोळे बांधून पुढ्यात शंभर मफलर ठेवले, तर आईचा ओळखाल?"

"झोपेत ओळखेन. दोन सुलट, दोन उलट, आणि कडेचा एक टाका कायम सुटलेला. तिचा हात आहे तो. बघ ना." मास्तरांनी मफलरचं टोक पुढं केलं.

लेकीनं डोळे मिटून ते चाचपलं. आईचा टाका तिलाही हवाच होता. बोटं फिरता फिरता थांबली.

"बाबा, हे टोक कडक का झालंय?"

मास्तरांनी टोक नखानं खरवडलं.

"हौदावर वाकून वास घेता, तेव्हा मफलर कुठं असतो?"

"गळ्यात."

"आणि टोक?"

मास्तरांनी टोकाकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्याच कुणाचं होतं.

"तिथून खोलीत जाताना झगा घालता ना?"

"घालतो की. मफलरच्या वरून."

"हा शेवटचा धुतला कधी?"

"ती गेल्यापासून नाही. तिचा वास जाईल."

"याला आईचा वास येत नाही, बाबा. निवळीचा येतो."

"तिलाही निवळीचाच यायचा," मास्तर म्हणाले.

लेक खिडकीशी जाऊन उभी राहिली. नाक पुसून परत आली आणि मफलरचं टोक तिनं पाण्यात बुडवलं.

दुसऱ्या दिवशी थाळी तयार होती. जिवाणूंचा दुधट थर सगळीकडे पसरलेला, आणि मफलरचं पाणी पडलं होतं तिथं कसर लागल्यासारखं लख्ख भोक. बायकोचं विरजण बायकोच्याच मफलरनं मारलं होतं, आणि मधला हमाल मास्तर. त्यांनी थाळी डोळ्यांजवळ धरली.

"हे भोकातले ठिपके कसले?" त्यांनी विचारलं.

"हे वाचले. यांनी अंगावरची वीण बदलली. विषाणू चाचपून गेला, त्याला ओळखच पटली नाही. ड्रायव्हरकाकांच्या कुत्र्यासारखं झालं त्याचं."

"पण आहेत तिचेच?"

"तिचेच. जरा बदललेले."

"मग वाढव."

"वाढवते. पण आधी मफलर उकळायचा."

तो मास्तरांनी स्वतः उकळला, पातेल्यासमोर उभं राहून, कुणाला जवळ येऊ न देता. लोकर ती लोकरच. आकसून हातभर उरली, आणि टाके एकमेकांत असे मिटले की डोळे मिटून बोट फिरवलं तर सुलट कळेना, उलट कळेना. मास्तरांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

सोमवारी हौद जमला. मालकीणबाईंनी चमचाभर चाखून पाहिलं, पाकिटांचा विषय काढला नाही आणि गळका नळ आधी दुरुस्त करून घ्या म्हणाल्या.

मास्तर विरजणघराकडे निघाले. दाराशी ड्रायव्हर उभा होता, ओठावर नुकते खुंट फुटलेला. मास्तर आपल्याच पाटीसमोर थांबले, गळ्यातला हातभर मफलर त्यांनी काढला आणि त्याच्या हातात दिला.

"चुकलो रे," ते म्हणाले. "धर जरा. हा आत न्यायचा नाही."

ड्रायव्हरनं तो आखूड तुकडा उलटसुलट पाहिला आणि गंभीरपणे ओठावर धरला. "मास्तर, माझी येईपर्यंत हा लावू का? कुत्रं तरी घरात घेईल."

मास्तरांनी झगा चढवला, हात धुतले.

"लाव," ते म्हणाले. "पण धुऊन परत दे."