आडव्या कापाचा रंग

कारखान्याच्या कँटीनमध्ये पाव आणि उकडून गार केलेल्या मांसाचे काप वाढायला सुरुवात झाली, आणि पहिलंच ताट हातात घेऊन स्टोअरच्या साहेबांनी बोंब ठोकली.

"सडलंय! हे बघा, हिरवं-जांभळं चमकतंय!"

रांग जागच्या जागी थांबली. काकू हातातली सुरी ठेवून पुढे आल्या. पाच वर्षं त्या हे कँटीन चालवत होत्या आणि पुढचं कंत्राट त्यांना मिळणार की नाही, हे आजच ठरायचं होतं. कंत्राटावर सही साहेबांची, आणि साहेबांच्या मेहुण्याचा कँटीनवर कधीपासून डोळा! साहेबांना आयतंच कोलीत मिळालं.

तेवढ्यात एक फिटर पोट धरून बाकावर आडवा झाला. "मेलो! मळमळतंय."

"मेल्या, तू अजून ताट तरी घेतलंस का?" काकू कडाडल्या.

कोणीतरी कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. त्यांनी कापाचा वास घेतला, बोट लावून पाहिलं. "वास नाही, चिकटपणा नाही. मग हे रंग कसले?"

काकूंनी सुरीकडे पाहिलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. कालच तिला धार लावून आणली होती.

"साहेब, ताट जरा तिरकं धरा."

साहेबांनी धरलं. रंग गायब! सरळ केलं, पुन्हा हजर.

"सडलेलं मांस असा लपंडाव खेळतं होय?" काकूंनी त्याच मोठ्या तुकड्याचा एक काप मांसाच्या धाग्यांच्या दिशेने उभा काढला. रंगाचा पत्ता नाही. दुसरा धाग्यांवर आडवा काढला. लख्ख इंद्रधनुष्य! "धारेच्या सुरीने धागे आडवे कापले, की त्यांवर उजेडाचे रंग फुटतात. सीडीच्या पाठीवर फुटतात ना, तसे."

"अगदी बरोबर," म्हणत डॉक्टरीणबाईंनी तो काप तोंडात टाकला.

मग काय, रांग तुटून पडली. सर्वांत पुढे फिटर! दीडशे माणसं बघत होती. साहेबांनी मुकाट्याने कंत्राटावर सही केली. काकूंना आनंदाने रडू यायचंच बाकी राहिलं.

दुसऱ्या दिवशी नसती कटकट नको म्हणून त्यांनी सगळं मांस उभंच कापलं. रांग पुन्हा अडली. साहेब ताटावर वाकले.

"काकू, आज चमक नाही? शिळं तर नाही ना?"

मागच्या सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या.

"थांबा हं," काकू म्हणाल्या, "आत्ता ताजं करून देते." आणि त्यांनी मांसाचा तुकडा आडवा फिरवला.