सत्ताविसावा दोष

"मी जागा आहे, म्हणून उपनगरांतला गुन्हेगार झोपू शकत नाही."

हे वाक्य माझं नव्हे. नंदकिशोर उकिडवे यांच्या व्हिजिटिंग कार्डावर ते नावाच्या वर छापलेलं आहे. नावाखाली 'खासगी गुप्तहेर, तर्कसम्राट, ठसेतज्ज्ञ, विलेपार्ले पूर्व', आणि त्याच्याही खाली मुंगीच्या अक्षरात 'भेटीची वेळ ऑफिस सुटल्यावर'. ऑफिस म्हणजे एका खात्यातलं आवक-जावक टेबल. मागे सोसायटीच्या गच्चीवर सापडलेली चप्पल कोणाची, याचा त्यांनी अकरा दिवस तपास केला. बाराव्या दिवशी ती त्यांचीच निघाली. ही केस ते यशस्वी केसेसमध्ये धरतात.

मी नीला. बोरीवलीला स्टेशनसमोरच्या गल्लीत जयंतीभाईंचा फोटो स्टुडिओ आहे, तिथे मी चौदा वर्षं रिटचिंग करते. लोकांचे देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, फाटक्या कॉलरी सगळं या हातांनी घालवलंय. उकिडवे मला त्यांची सहाय्यक म्हणतात. मला कोणी विचारलं नव्हतं.

झालं असं की चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर ते आठवड्याची रजा काढून एका सोमवारी स्टुडिओत हजर झाले. बनावट फोटो ओळखायचे तर आधी स्वतः बनवता आले पाहिजेत, असा त्यांचा सिद्धान्त. जयंतीभाई जन्मात कोणाला नाही म्हणाले नाहीत, आणि शिकवायचं काम मेलं माझ्याच गळ्यात पडलं.

त्याच सोमवारी शेवंतीची निगेटिव्ह माझ्याकडे आली. शेवंती दहिसरच्या चाळीत राहणारी, मूळची मालवणकडची. गिरणीचा संप चिघळल्यावर नवरा जयवंत मस्कतला गेला, तेव्हा तिला तिसरा महिना होता. पोरगा आता नऊ महिन्यांचा झाला, बापाने त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं. शेजारचे भाऊराव शनिवारी मस्कतला परत जाणार होते. त्यांच्याबरोबर एक मोठा फोटो धाडायचा, एवढंच तिचं म्हणणं. फोटोत पोरगा आणि त्याच्या शेजारी उभी केलेली चाळीतली पांढरी शेळी. शेवंतीला दूध नव्हतं, पोरगा त्या शेळीवर वाढला. तिच्याशिवाय फोटो काढायला ती तयारच नव्हती.

आता पोरगा सावळा आणि शेळी दुधासारखी. शेळी नीट यावी तर पोरगा काळोखात बुडतो, पोरगा नीट यावा तर शेळी कागदात विरघळते. मी उकिडव्यांना दाखवलं, तारेला पुठ्ठ्याची टिकली लावायची आणि डार्करूममध्ये कागदावर उजेड पडत असताना ती पोराच्या चेहऱ्यावर धरून हलवत राहायची, म्हणजे चेहरा उजळ येतो. मग चेहरा झाकून शेळीला जास्तीचा उजेड द्यायचा, म्हणजे तिचे केस न् केस दिसतात. त्यांनी पहिल्यांदा टिकली हलवायचीच विसरून धरली, तर पोराच्या डोक्याभोवती संतासारखं वलय आलं. जयंतीभाईंना ते आवडलं, हीच खरी पंचाईत.

पेन्सिलीचं काम त्यांना जमलं, हे मान्य करते. छापील फोटोत जो काळा डाग दिसतो, तो निगेटिव्हवर पारदर्शक असतो. टोकदार पेन्सिलीने तो हलकेच भरला की फोटोतून डाग गेला. मी गिऱ्हाइकांकडे होते तेवढ्यात ह्या माणसाने भिंग लावून शेवंतीची निगेटिव्ह साफ केली आणि वहीत नोंद केली, 'एकूण सत्तावीस दोष नष्ट.' फोटो निघाला मात्र झकास. संध्याकाळी तो काउंटरशेजारच्या दोरीवर चिमट्याने वाळत घातला. शेवंती कारखान्यातली पापडांची पाकिटं भरून सहा वाजता आली, बघत उभी राहिली आणि फोटो ओला होता म्हणून तशीच गेली.

मंगळवारी सकाळी पोराच्या उजव्या गालावर काळा ठिपका होता. शेळीच्या कपाळावर दुसरा.

मी हात पुढे केला तर उकिडव्यांनी माझं मनगटच धरलं. पुराव्याला हात लावायचा नाही म्हणाले आणि फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सील केला. मी दुसरा छापला. बुधवारी त्याच्यावर ठिपके, तोही पिशवीत गेला. बुधवारी तिसरा छापला, गुरुवारी त्याच्यावरही. शेवंतीला मी रोज सांगत होते की बाई, अजून थोडं काम आहे, उद्या ये. ती रोज 'बरां' म्हणायची आणि फोटोपाशी क्षणभर रेंगाळून जायची. मोठ्या आकाराचा आता एकच कागद उरला होता आणि नवी खेप पुढच्या आठवड्यात येणार होती. शनिवार काही कोणासाठी थांबत नाही.

उकिडवे मात्र खुशीत. पहिला संशय समोरच्या स्टुडिओवर. म्हणून ते मंगळवारी आणि बुधवारी संध्याकाळी सहाला समोरच्या चहाच्या टपरीवर भोकं पाडलेलं वर्तमानपत्र धरून बसले आणि आपल्या दुकानाकडे पाठ करून त्या स्टुडिओवर नजर ठेवून होते. दुसरा संशय शेळीवर. मूळ शेळी पळवून तिच्या जागी ठिपकेवाली तोतया शेळी उभी केली म्हणे. फोटो छापून झाल्यावर शेळी कशी बदलेल, असं मी विचारलं. तुम्ही अजून शिकाऊ आहात, म्हणाले. हे मला.

मग भिंगातून त्यांना ठिपक्यात रेघा दिसल्या. बोटाचा ठसा. त्यांनी जयंतीभाईंचे, टपरीवाल्याचे आणि माझे दहाही बोटांचे ठसे घेतले. दहिसरला जाऊन शेळीच्या खुराचाही घेऊन आले. शेळीने शाईचं पॅड खाल्लं. झाडूपोछा करणाऱ्या मालनचे घ्या म्हटलं, तर ती फक्त झाडते म्हणाले. शेवंतीचे घ्या म्हटलं, तर गिऱ्हाईक कधी गुन्हेगार नसतं म्हणाले. दोघींना पुसून टाकायला ह्या माणसाला पेन्सिलही लागली नाही.

गुरुवारी संध्याकाळी शेवंती पोराला कडेवर घेऊन आली आणि ह्यांनी कमाल केली. तिन्ही फोटो फूटपट्टीने मोजून ते म्हणत होते की ठिपका रोज अर्धा इंच सरकतोय, म्हणजे फोटोतली मुलं वेगवेगळी आहेत. भरल्या दुकानात त्यांनी तिला विचारलं, "बाई, खरं सांगा. हे मूल तुमचंच ना?"

शेवंतीचा चेहरा पांढरा पडला. नवरा सव्वा वर्ष परदेशात असलेल्या बाईला चारचौघांत असं विचारायचं म्हणजे काय, हे त्या तर्कसम्राटाला कळत नव्हतं. ती पोराला छातीशी घट्ट धरून निघून गेली. मी उकिडव्यांना जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. जयंतीभाई गल्ला सोडून बाहेर जाऊन उभे राहिले.

शुक्रवारी मी शेवटच्या कागदावर फोटो छापला. चारही फोटोंत हाच सर्वांत सुरेख आला. उकिडवे म्हणाले, हा पिंजऱ्यातलं आमिष आहे, तपास संपेपर्यंत दुकानाबाहेर जाणार नाही, सगळा पुरावा सोमवारी पोलिसांना देऊ. मी म्हटलं, माझ्या प्रेतावरून न्या.

तेवढ्यात खाली बसून लादी पुसणारी मालन मान वर न करता म्हणाली, "ती शेवंती लावते की रोज. डोळ्यातलं काजळ काढून."

मालनने फडकं पिळलं.

"तीन दिवस बघितलं मी. आधी पोराला, मग शेळीला. मला कोणी विचारलं?"

मी पहिल्यांदाच उकिडव्यांची वही उघडून सत्तावीस दोषांची यादी वाचली. सव्विसावा, शेळीच्या दाव्याचा सुटलेला धागा. सत्ताविसावा, 'बालकाच्या गालावर मोठा काळा डाग.' बाईने फोटोसाठी पोराला न्हाऊमाखू घालून तीट लावली होती, आणि ह्या शहाण्याने ती दोष म्हणून खोडली होती. पार्ल्यात काय पोरांना तीट लावत नाहीत? ह्यांच्या आईने ह्यांना कधी लावली नसेल, कारण गरजच पडली नसेल.

सहा वाजता शेवंती दारातच थांबली. आत यायला धजेना. मी तिला हाताला धरून आणलं आणि फोटोसमोर उभं केलं. तिने ओळखलं की आम्हाला कळलंय.

"चुकलंय, बाय," ती म्हणाली. "तुमी माझ्या झिलाक इतको सुंदर केलात. थंय एका खोलीत बारा बाप्ये रवतत, सगळे बघतले. दिष्ट लागात म्हणान माका रवाक नाय. त्या शेळयेक पण."

चूक कोणाची, हे मी तिला सांगितलं. उकिडवे टाचणीने नखं साफ करत होते. मी फोटो दोरीवरून काढून काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, "लाव. नीट लाव, आता हाच जाणार आहे."

तिने डोळ्याच्या कडेला बोट फिरवलं, पोराच्या गालावर टेकवलं, मग शेळीच्या कपाळावर. मी वर बटरपेपर घातला, पुठ्ठ्यात बांधला आणि तो शनिवारी भाऊरावांबरोबर गेला.

महिन्याभराने शेवंती पत्र घेऊन आली. तिला वाचता येत होतं, पण माझ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचं होतं. पोरगा माझ्या वळणावर गेलाय, शेळीला माझा नमस्कार सांग, असं बरंच लिहिलं होतं. शेवटी होतं, 'काच लावून देणारा म्हणाला, ह्यावर बोटाचा डाग आहे, पुसून देतो. मी पुसू दिला नाही. तुझं बोट आहे ते, मला बघताक्षणी कळलं.'

शेवंती पदराने तोंड झाकून हसत होती आणि रडतही होती. माझंही काही वेगळं नव्हतं.

उकिडव्यांना मी हे सांगितलं, शरमेने तरी मान खाली जाईल म्हणून. त्यांनी शांतपणे वही काढली, केसपुढे 'यशस्वी' लिहिलं आणि म्हणाले, "बघा नीलाबाई, मी म्हणत नव्हतो? ठसाच होता."