कटरे सरांची नवी आवृत्ती

कटरे सर चहात वरून साखर घालत नाहीत. चहा अगोड झाला तर तो तसाच ठेवतात आणि नवा सांगतात. "एकदा झालं ते झालं. त्यात बदल कराचा नाही, नवीन बनवाचं," हे त्यांचं तत्त्व. हॅस्केल नावाच्या कंप्युटरच्या भाषेत एकदा ठरलेली किंमत बदलता येत नाही म्हणे. सरांनी तो नियम थेट स्वयंपाकघरात लागू केला. आळणी भाजीत मीठ न घेता त्यांनी दुसरी भाजी मागितली, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मंग बायको बी नवीनच आणा."

गोंदियात आमचा कंप्युटर क्लास आहे. मी हिशेबाचं शिकवतो, माझ्याकडे राईस मिलवाल्यांच्या पोरांना बसायला जागा नसते. सर हॅस्केल शिकवतात, म्हणजे शिकवायला तयार असतात. "हे शिकून नोकरी कुठं लागते, सर?" मी एकदा विचारलं. "नोकरी कायले? याले डोकं लागते," ते म्हणाले. डोकं घेऊन मात्र कोणी आलं नाही.

भाषेची नवी आवृत्ती आली की सर मोहल्ल्यात पेढे वाटतात. समोरचे शेठजी दर वेळी विचारतात, "लडका हुआ क्या?" २०१५च्या आवृत्तीला तर किलोभर आले. भाषेतल्या दोन जुन्या गोष्टींचं नातं अखेर नियमात बसलं होतं. त्यापायी जुने प्रोग्राम बंद पडणार म्हणून जगभरचे जाणकार इंटरनेटवर हमरीतुमरीवर आले होते. सरही त्यात उतरले. "रडून कायले राहिले? दोन-चार ओळी टाका न् चालवा," असं अमेरिकेतल्या एका प्रोफेसराला इंग्रजीत सुनावल्याचं त्यांनीच मला सांगितलं.

क्लासमधल्या सगळ्या मशीनवर नवी आवृत्ती चढली. कोपऱ्यातलं एक जुनं डबडं तेवढं राहिलं.

"हे काऊन सोडलं?" मी विचारलं.

"त्यात पिंकीचा खेळ आहे. नव्यात नाही चालत."

पिंकी त्यांची मुलगी. सरांकडून ही भाषा शिकलेली तीच एकटी. बारावीत तिनं हा खेळ लिहिला. आपण धानाची एक जात मनात धरायची, कंप्युटर प्रश्न विचारून ती ओळखणार. आता ती बंगलोरला दुसऱ्याच भाषेत नोकरी करते. बाबांनी फोनवर नव्या आवृत्तीचा विषय काढला की "मीटिंग आहे" म्हणते.

"टाका की दोन-चार ओळी," मी त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं.

"मले येते. पण मंग तो तिचा राहीन का? दिवाळीले येऊन राहिली, तीच टाकन."

दिवाळी झाली. पिंकीला सुट्टी मिळाली नाही. क्लास उघडला त्या दिवशी सर त्या डबड्यासमोर बसले होते. "चिन्नोर धरला मनात," मला म्हणाले. प्रश्न सुरू झाले. दाणा बारीक आहे का? हो. वास येतो का? हो. शेवटी पडद्यावर रोमन अक्षरांत दुसऱ्याच धानाचं नाव उमटलं, "काळी कमोद?"

एका स्वल्पविरामावरून तासभर वाद घालणारा हा माणूस. त्यांनी शांतपणे 'हो' दाबलं.

"जिंकली मी, बाबा," पडद्यावर आलं.

"हुशार आहे पोरगी," सर म्हणाले.